इंटिमेट केअर किट: बाटली झकास, गार्डनेरेला जिथल्या तिथे

रेटिंग आधीच सांगते, पाचात दीड. अर्धा पॅकिंगला आणि एक त्या स्वॅबच्या काडीला, कारण काडी खरंच चांगली होती, मऊ, न टोचणारी, आमच्या लॅबला सप्लायर देतो त्यापेक्षा बरी. बाकीचे साडेतीन कुठे गेले ते खाली लिहिलंय, लांबलचक आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर योनीच्या स्वच्छतेची आणि घरबसल्या तपासणीची असली किट्स आता ढिगाने आलीत, इन्स्टा उघडलं की एक तरी समोर येतंच आणि सगळ्यांच्या डब्यात थोड्याफार फरकाने तेच असतं, आणि दुसरं म्हणजे मला वकिलाची नोटीस नकोय. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण आमच्या वरच्याच मजल्यावर गायनॅक मॅडमची ओपीडी आहे, त्यांच्याकडची स्लाइड ओली असतानाच खाली येते आणि ती बघायचं काम माझं, त्यामुळे या विषयात मला गुलाबी डबा दाखवून गप्प करणं जरा अवघड आहे.

किट घेतलं माझ्या नणंदेने. (तिला विचारून लिहितेय, तिच्या मैत्रिणीलाही विचारलंय.) ती पुण्यात हिंजवडीला नोकरीला, लग्नाला अजून वर्षही नाही. तिला पाळी संपली की खाली वास यायचा, पातळ राखाडीसर पांढरं जायचं, आणि ऑफिसात शेजारी कुणी येऊन बसलं की हिला वाटायचं, यांना पण येत असणार. आता हे आईला सांगायची सोय नाही, सासूला तर नाहीच, आणि डॉक्टरकडे गेलं की आधी ‘मॅरिड का’ विचारणार मग टेबलावर झोपवणार, त्यापेक्षा घरपोच डबा कुणालाही बरा वाटेल. त्यात दुसऱ्या किटवर निम्मी सूट, म्हणून शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीनेही घेतलं. मैत्रिणीला त्रास काही नव्हता, फक्त सूट होती.

डब्यात काय काय तर पंपवाला इंटिमेट वॉश, वाइप्सचं पाकीट, पीएच स्ट्रिप्स, प्रोबायोटिक कॅप्सूलची डबी आणि स्वॅबची ट्यूब. स्वॅब घरीच घ्यायचा, ट्यूबमध्ये टाकायचा, कुरियरवाला घेऊन जातो आणि काही दिवसांनी अ‍ॅपवर पीसीआरचा, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टचा, रिपोर्ट येतो. किंमत एका किटची दोन हजाराच्या जरा खाली.

रिपोर्ट आला रात्री. लाल गोल, त्यात उद्गारचिन्ह, खाली लिहिलेलं ‘गार्डनेरेला व्हजायनॅलिस: डिटेक्टेड’. बास, एवढंच. किती आहे ते नाही, बाकी कोण कोण आहे ते नाही, पुढे काय करायचं ते नाही. म्हणजे पुढे काय करायचं ते होतं खरं, ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून वॉशचं तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन. डॉक्टरला दाखवा ही ओळ सगळ्यात तळाला, फिकट राखाडी अक्षरात.

मला फोन. “वहिनी, मला कसला रोग झालाय का? नवऱ्याला सांगू का नको? तो म्हणेल कुठून आणलंस.”

“अगं थांब, आधी ते अ‍ॅप बंद कर. खाज आहे का?”

“नाही.”

“ताप, पोटात दुखणं?”

“नाही गं. पण मैत्रिणीचा पण सेम आलाय. लाल.”

इथेच माझं डोकं फिरलं. दोघींचा रिपोर्ट सेम, अक्षरन्‌अक्षर सेम, एकीला महिनोन्‌महिने त्रास आणि दुसरी ठणठणीत. अशा रिपोर्टचं करायचं काय?

तर गार्डनेरेलाबद्दल जरा. हा जंतू सापडला म्हणजे इन्फेक्शन झालं असं होत नाही. कुठलाही त्रास नसलेल्या कितीतरी बायकांच्या योनीत तो थोड्या प्रमाणात असतोच, आणि पीसीआरची नजर इतकी बारीक की चिमूटभर असला तरी त्याला सापडतो. अमेरिकेत ह्यूस्टनला हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स या दोघांनी १९५५ साली मांडलं की बायकांच्या या वासाच्या त्रासामागे हा जंतू आहे. तेव्हा त्याचं नाव हिमोफिलस व्हजायनॅलिस, मग मध्ये एक नाव बदललं आणि १९८० मध्ये गार्डनरवरून आजचं नाव पडलं. त्या दोघांनी तेव्हा जे करून बघितलं ते आज कुठलीही एथिक्स कमिटी करू देणार नाही, त्यांनी निरोगी बायकांना मुद्दाम हे जंतू दिले. लॅबमध्ये वाढवलेला नुसता गार्डनेरेला १३ जणींना दिला तर त्रास झाला फक्त एकीला. आणि आजारी बाईच्या अंगावरचा स्राव जसाच्या तसा १५ जणींना दिला तर ११ जणींना झाला. म्हणजे हा गडी एकटा फारसं काही करत नाही, त्याला टोळी लागते. प्रिव्होटेला, मोबिलंकस आणि अजून बरेच, सगळे ऑक्सिजन न लागणारे.

आणि २०१९ मध्ये कळलं की आपण ज्याला एकच जंतू समजत होतो त्यात जीनोमप्रमाणे निदान १३ वेगवेगळ्या जाती आहेत. अ‍ॅपवाल्यांना एकच माहितीये, आणि तिचा रंग लाल.

होतं कसं, तर एरवी योनीत लॅक्टोबॅसिलस या चांगल्या जंतूंचं राज्य असतं, ते लॅक्टिक अ‍ॅसिड करतात, पीएच साडेचारच्या खाली ठेवतात आणि बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाहीत. हे लॅक्टोबॅसिलस कमी झाले की गार्डनेरेला आधी पेशींना चिकटतो आणि तिथे एक चिकट थर करून बसतो, बायोफिल्म म्हणतात त्याला. व्हजायनोलायसिन नावाचं विष सोडतो, त्याने पेशींना भोकं पडतात. मग त्या थरात टोळीतले बाकीचे येऊन राहतात, त्यांच्याकडून अमाइन्स तयार होतात, आणि तो माशासारखा वास त्या अमाइन्सचा. रक्त आणि वीर्य दोन्ही अल्कलाइन, म्हणून पाळीच्या वेळी आणि संबंधानंतर वास जास्त येतो. नणंदेचं वेळापत्रक इथे बरोबर बसत होतं. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, बीव्ही.

जोडून सुट्टी आली तशा दोघी गावाकडे आल्या, मैत्रीण जयसिंगपूरचीच निघाली. दोघींना मॅडमकडे घातलं.

मॅडमनी स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं साधन) लावून आधी स्राव बघितला, पीएच पेपर आत कडेच्या भिंतीला टेकवला, मग स्वॅब घेऊन दोन स्लाइड केल्या, एकीवर सलाइनचा थेंब आणि एकीवर केओएचचा, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. केओएच टाकल्या टाकल्या मॅडम मास्क खाली करून स्लाइड नाकाजवळ नेतात आणि वास घेतात. होय, ही टेस्ट आहे, व्हिफ टेस्ट, पुस्तकातली. नणंदेच्या स्लाइडला वास घ्यायची गरजच पडली नाही, आपणहून आला.

सलाइनची स्लाइड खाली आली माझ्याकडे. कव्हर स्लिप टाकली, फोर्टी एक्सवर लावली. योनीच्या भिंतीच्या पेशी मोठ्या, चपट्या, एरवी त्यांच्या कडा अशा रेखून काढलेल्या दिसतात. हिच्या पेशी म्हणजे भाजलेल्या पापडावर मिरपूड सांडावी तशा ठिपक्यांनी भरलेल्या, इतक्या की कडाच दिसेनात. या क्लू सेल्स. ते सगळे ठिपके म्हणजे चिकटून बसलेले जंतू. लॅक्टोबॅसिलसच्या लांब काड्या शोधूनही एखाददुसरी, पस सेल्स अगदी कमी, म्हणूनच आग नाही आणि खाज नाही. नणंदेला म्हटलं ये, बघ. तिने एक डोळा मिटून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, “हे माझं आहे?” म्हटलं, “तुझंच. आता मैत्रिणीचं बघ.” मैत्रिणीची स्लाइड एकदम साफ, पेशींच्या कडा धारदार, आजूबाजूला काड्याच काड्या. नंतर मी हौसेने दोन्हींचं ग्रॅम स्टेन पण केलं, म्हणजे जंतू रंगवून बघितले, आणि प्रकाराप्रमाणे मोजून न्यूजंट स्कोअर काढला, १९९१ पासून जगभर तोच वापरतात, सात किंवा वर गेला की बीव्ही. नणंदेचा आठ, मैत्रिणीचा एक.

१९८३ पासून अ‍ॅम्सेलचे चार निकष चालत आलेत: पातळ एकसारखा स्राव, पीएच साडेचारच्या वर, केओएचचा वास, आणि दर शंभर पेशींत वीसच्या वर क्लू सेल्स. चारात तीन असले की बीव्ही. नणंदेचे चारही, मैत्रिणीचा एकही नाही. मायक्रोस्कोप, पाच पैशांचा पेपर, एक थेंब केओएच आणि मॅडमचं नाक. ओपीडीची फी आणि स्लाइडचे मिळून किटच्या निम्मेही झाले नाहीत.

जाता जाता, काही ठिकाणी याच त्रासाला एचव्हीएस कल्चर सांगतात, म्हणजे योनीतला स्वॅब घेऊन जंतू वाढवून बघणं, महागडं. गार्डनेरेला वाढवायला कार्बन डायऑक्साइडवालं इन्क्युबेटर आणि खास मीडिया लागतो, आणि एवढं करून वाढला तरी प्रश्न तोच, निरोगी बाईतही वाढतोच. बीव्हीसाठी कल्चर सांगितलं तर ‘वेट माउंट (ती सलाइनची ओली स्लाइड) होईल का’ एवढं विचारून बघा.

औषध काय दिलं, तर मेट्रोनिडाझोल, दिवसातून दोनदा, सात दिवस. जुलाबाला घरात पडलेली असते तीच गोळी. पट्टीची किंमत ऐकून नणंद हसायलाच लागली. तोंडाला लोखंडासारखी चव येते, मळमळतं, जेवण झाल्यावर घ्यायची. गोळी झेपत नसेल तर आतून लावायचं जेल मिळतं, नाहीतर क्लिंडामायसिन क्रीम, फक्त ते क्रीम तेलकट बेसचं असतं आणि त्याने कंडोम कमकुवत होतो, हे मेडिकलवाला कधी सांगत नाही. आणि हो, मनाने पट्टी आणून घेऊ नका. उलट मनाने काय घेतात तर फंगसची आत ठेवायची गोळी, क्लोट्रिमाझोल, कारण ‘खाली त्रास’ म्हटलं की काउंटरवर तेच सरकवतात. ते कँडिडाला चालतं, दह्यासारखं घट्ट जातं आणि खाज सुटते ते. गार्डनेरेलाला त्याचं काही सोयरसुतक नाही. मैत्रिणीला मॅडमनी काय दिलं? काही नाही. घरी जा म्हणाल्या.

आता डब्यातल्या बाकीच्या वस्तू.

वॉश. दिसायला सुंदर, वासाला गुलाब, बाटलीवर ‘पीएच ३.५, लॅक्टिक अ‍ॅसिडयुक्त, बॅलन्स रिस्टोअर करतो’. आणि मागे बारीक अक्षरात ‘फक्त बाह्य वापरासाठी’. अहो मग बॅलन्स कुठला रिस्टोअर करताय, जंतू आत, बाटली बाहेर. बाहेरच्या त्वचेचं गणित वेगळं आणि आतलं वेगळं. आणि कुणी शहाणपणा करून आत धुवायला गेलं तर अजून वाईट, आतून धुण्याने जे काही लॅक्टोबॅसिलस उरलेत तेही जातात, डूशिंग करणाऱ्या बायकांना बीव्ही जास्त होतो हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. बाहेरून साधं पाणी पुरतं. गुलाबाचा वास दिवसभर राहत नाही, बीव्हीचा राहतो, आणि दोन्ही एकत्र आले की काय होतं ते नणंदेला विचारा.

पीएच स्ट्रिप्स. डब्यात खरी कामाची वस्तू ही एकच असू शकली असती, आणि तीच धडाची नाही. स्ट्रिप दिलीये एक ते चौदाची, म्हणजे लिंबापासून कॉस्टिकपर्यंत सगळं मोजणारी. आपल्याला फरक बघायचा चार आणि पाचमधला. त्या दोन्हींचा रंग कार्डावर पिवळट आणि जरा जास्त पिवळट, ट्यूबलाइटखाली तर एकच. मी त्याच स्ट्रिपवर आमचे बफर, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेली द्रावणं, टाकून बघितले, चारचा आणि पाचचा, आणि शेजारी बसलेल्या पोराला विचारलं कुठलं कुठलं, त्याला सांगता आलं नाही. मॅडमकडे असतो तो पेपर थोड्या रेंजचा, त्याच्यावर अर्ध्या अर्ध्याचा फरक डोळ्याला दिसतो. शिवाय पाळीत, संबंधानंतर, नाहीतर नळाचं पाणी लागलं तर पीएच उगाच जास्त दाखवतो, हे पत्रकात कुठेही नाही. आणि पीएच जास्त म्हणजे बीव्हीच असंही नाही, ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीच्या इन्फेक्शनमध्येही वाढतो. कँडिडात तर पीएच नॉर्मलच राहतो, म्हणजे खाजेने जीव जाईल आणि स्ट्रिप म्हणेल सगळं छान.

वाइप्स. सुगंधी. पुढे.

कॅप्सूल पोटातून घ्यायच्या, डबीवर ‘लॅक्टोबॅसिलस ब्लेंड’, कुठला स्ट्रेन, म्हणजे नेमका कुठला उपप्रकार, त्याचं नाव नाही. आता लॅक्टोबॅसिलसची कल्पना खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतला एक चांगला अभ्यास आला, त्यात मेट्रोनिडाझोल जेलचा कोर्स झाल्यावर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसचा एक ठरावीक स्ट्रेन आतून लावला, तर १२ आठवड्यांत बीव्ही परत आला ३० टक्के बायकांना, आणि जंतू नसलेली नुसती पावडर दिलेल्या गटात ४५ टक्क्यांना. म्हणजे फायदा आहे. पण तो आधी औषध, मग आतून, आणि तोच स्ट्रेन. या डबीतलं त्यातलं काहीच नाही. आणि दह्याचं विचारणाऱ्यांना, दही जेवणात घ्या, दुसरीकडे कुठे नको.

नवऱ्याचं काय, हा नणंदेचा मूळ प्रश्न राहिलाच. मॅडमनी नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून सांगितलं ते बरं झालं. बीव्हीला गुप्तरोगात धरत नाहीत, कुणी ‘आणलं’ असं त्यावरून म्हणता येत नाही, पण संबंधांशी त्याचं नातं नक्की आहे. आणि हा परत परत येतो हीच खरी कटकट, औषधाने बरं वाटलेल्या निम्म्याहून जास्त जणींना वर्षाच्या आत पुन्हा होतो, तो बायोफिल्मचा थर पूर्ण निघत नाही हे त्याचं एक कारण. आतापर्यंत पुरुषाला औषध द्यायचं नाही अशीच पद्धत होती, पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला, १६४ जोडपी, त्यात नवऱ्यालाही सात दिवस गोळी आणि लिंगावर क्लिंडामायसिन क्रीम दिलं तर १२ आठवड्यांत परत येण्याचं प्रमाण ३५ टक्के, नाही दिलं तर ६३. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मध्येच थांबवला. मॅडम म्हणाल्या, पहिलीच वेळ आहे तर आत्ता हिलाच देऊ, परत आला तर दोघं या. जावई माणूस लाल झाला पण ‘हो’ म्हणाला. एवढ्या गुलाबी डब्यात नवऱ्याबद्दल एक ओळ नाही बघा, जणू बाई एकटीच राहते.

दिवस गेलेल्यांनी तर असल्या किटच्या नादी लागूच नये, बीव्हीचा आणि वेळेआधी बाळंत होण्याचा संबंध आहे, सरळ डॉक्टरला सांगायचं.

अ‍ॅपवर एक वाक्य आहे, ‘ज्या विषयावर कुणी बोलत नव्हतं त्यावर आम्ही बोलतोय’. असं का? डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी आयुष्यात कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जातं हे सगळ्यांना ठाऊक, टेबलावर झोपून दाखवलेलं फारसं कुणी नाही. हिंजवडीत पगार बरा असतो, एसी असतो, आणि दाखवायचं टाळण्याची कारणं तीच. किटवाले त्याच कारणांवर तर धंदा करतात.

ज्यांना खासगी गायनॅक परवडत नाही त्यांच्यासाठी, जिल्हा रुग्णालयात नाहीतर मेडिकल कॉलेजमध्ये ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, म्हणजे गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना, नाव ऐकून बिचकू नका. पांढरं जाण्यासाठी तिथे हिरव्या पाकिटातलं औषध मिळतं, सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, फुकट. त्याला पण किटच म्हणतात, किट नंबर दोन. गुलाब नाही, पंप नाही, औषध आहे.

कस्टमर केअरला मी स्वतः लिहिलं, की बाई निरोगी असताना तिला लाल गोल का दाखवता, प्रमाण का देत नाही, क्लू सेल न बघता कशावरून ठरवता. उत्तर आलं ‘हाय ब्युटिफुल, तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे’ आणि सोबत पुढच्या ऑर्डरवर १५ टक्क्यांचं कुपन. परत पाठवायचं म्हटलं तर हायजीन प्रॉडक्ट, रिटर्न नाही, न फोडलेले वाइप्ससुद्धा नाही.

घेतलंच असेल कुणी तर एक करा, ट्रायल म्हणून ऑटो-पे लागलेला असतो तो आधी बंद करा. अ‍ॅपमध्ये प्रोफाइल, मग प्लॅन, मग अगदी खाली, तिथे ‘पॉज’ मोठ्या बटणात आहे आणि ‘कॅन्सल’ त्याच्याखाली साध्या अक्षरात. पॉज दाबलं तर पुढच्या महिन्यात पैसे परत कापतात, नणंदेचे कापले.